हवेचा राखणदार गेंदालाल

गेंदालाल भोला कासदेकर या इसमाची व माझी ओळख त्याच्या गुणांमुळे झालेली नाही. ती नात्यामुळे झाली. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा सानू बेठेकर याने आपल्या मुलीसाठी, म्हणजे माझी भाची फुलवंती हिच्यासाठी, त्याला लमझना म्हणून टेंभुरढान्यात आणला. त्या ठरावाच्या बैठकीला मुलीचा मामा म्हणून मला बसावे लागले. बसलो नसतो तर बरे झाले असते, परंतु मामाशिवाय ठराव होत नाही.

लमझना म्हणजे काय ते खालच्या मुलखातील वाचकांना ठाऊक नसेल. आम्हा कोरकू लोकांत ज्या मुलाच्या बापापाशी मुलीचे मोल द्यायला काही नसते, तो मुलगा सासऱ्याच्या घरी राहून ठरलेली वर्षे राबतो. लग्न लवकर लागते, पण मुदत भरेपर्यंत त्याला वेगळी चूल मांडता येत नाही व सासऱ्याच्या शब्दाबाहेर जाता येत नाही. मुदत मोडून तो निघाला, तर बायको बापाच्या घरी राहते आणि तो एकटा जातो. हा रिवाज चांगला की वाईट याचा विचार मी येथे करीत नाही. गेंदालालच्या अंगावर तो शोभून दिसला, एवढेच नमूद करतो.

आमच्या प्रौढ वर्गाचे गुरुजी म्हणाले, थोरांची चरित्रे पुष्कळ आहेत, तुम्ही आपल्या गावच्या एखाद्या साध्या माणसाचे चरित्र लिहा. साधा माणूस हा चांगलाच असतो अशी गुरुजींची समजूत दिसते. ती दुरुस्त व्हावी म्हणून मी गेंदालालची निवड केली आहे. आमची बोलणी कोरकूत झाली. वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी ती मी इकडच्या वऱ्हाडीत उतरवली आहेत.

गेंदालाल उंच आहे व अंगाने भरलेला आहे, पण त्याचे हातपाय असे सैल लोंबतात, जणू कोणाकडून वापरायला आणले असून परत करायचे आहेत. आल्या वर्षी सानूने त्याला कुटकीच्या पिकाच्या राखणीला बसवले. तो मचाणावर झोपला आणि रानडुकरांनी पीक उलथून टाकले. सकाळी सानूने विचारले, तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "मामाजी, डुकरं आली असती तं मले समजलं असतं." पीक त्याच्यासमोर आडवे पडले होते. सासऱ्याला तो मामाजी म्हणे आणि मला मोठे मामाजी. त्याच्या तोंडून ही हाक ऐकली, की मला माझ्या वयाचा राग येई.

फुलवंतीविषयी सांगणे आवश्यक आहे. ती कामाची, थोडे बोलणारी आणि बोलली तर नेमके बोलणारी मुलगी. लहानपणापासून तिला दमा होता. थंडीत दोन-चार दिवस त्रास होई, मग ती बरी होई. कोणी त्याचे विशेष मानीत नसे.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली दिवाळीनंतर परतवाड्याकडचा ठेकेदार रामराव याने आमच्या ढान्याच्या, म्हणजे पाड्याच्या, उगवतीला, नाल्याच्या काठावर चुनाभट्टी घातली. नाल्यात चुन्याचे खडे होते, जंगलात जळतण होते, आणि आमच्याकडे रिकामे हात होते. या तिन्ही गोष्टी रामरावला जवळजवळ फुकट मिळाल्या. मजुरांचा मुकादम त्याने सानूला केला. सानूला मुकादम होण्याचा इतका आनंद झाला, की पहिले आठ दिवस तो स्वतःच्या बायकोलाही हजेरी विचारीत होता.

हिवाळ्यात सकाळचा वारा डोंगरावरून उतरतो. आमची घरे समोरासमोर दोन ओळींत आहेत व मध्ये रस्ता आहे. भट्टीवरून आलेला वारा त्या रस्त्यात शिरला, की बाहेर पडायला त्याला वाट नसे. धूर आणि चुन्याची भुकटी घराघरात बसे. जनावरांच्या डोळ्यांतून पाणी गळे. मोहाची फुले वाळत घातली तर ती पांढरी होत आणि तोंडात टाकली तर जीभ सोलून काढीत. लहान मुले खोकत. आणि फुलवंती उंबऱ्यावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, श्वास ओढीत राही. लोहाराचा भाता फाटल्यावर जसा आवाज येतो तसा तिच्या छातीतून येई. बाकीच्यांचे नुकसान फुलांचे व जनावरांचे होते. तिचे जिवाचे होते. पुढील सर्व हकिगत वाचताना हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही विकास गटाच्या कचेरीत जाऊन तक्रार केली. काही दिवसांनी एक निरीक्षक साहेब आले. ते छत्री घेऊन आले होते, जरी पाऊस नव्हता व ऊनही नव्हते. धूर पाहून त्यांनी नाकाला रुमाल लावला, यावरून त्यांना आमचे म्हणणे पटले असे आम्ही समजलो. त्यांनी भट्टी बंद केली नाही. त्यांनी युक्ती काढली.

युक्ती अशी होती. ढान्यातील एक माणूस हवेवर नेमायचा. त्याने रस्त्याच्या टोकाला मचाण बांधून दिवसभर वारा पाहायचा. वारा भट्टीकडून घरांकडे येऊ लागला, की त्याने बांबूवर लाल फडके चढवायचे. फडके दिसताच भट्टीवर जळतण टाकणे व चुना उपसणे थांबवायचे. शिवाय मचाणाच्या कठड्यावर एक काळे कापड पसरून ठेवायचे. साहेब पुन्हा येतील तेव्हा ते किती पांढरे झाले यावरून हवेत चुना किती आहे हे ठरवतील.

"ते झटकायचे नाही, धुवायचे नाही, कोणी हातही लावायचा नाही," असे साहेबांनी तीन वेळा बजावले. "तेच तुमचे साक्षीदार आहे."

राखणदाराची रोजी रामरावने द्यायची असे ठरले. ज्याच्यावर नजर ठेवायची त्यानेच नजर ठेवणाऱ्याला पोसायचे, ही व्यवस्था शिकलेल्या माणसांनाच सुचू शकते.

माणूस निवडण्यासाठी आम्ही मुठवा देवाच्या दगडांपाशी जमलो. ज्याला शेत होते तो दिवसभर बसू शकत नव्हता. ज्याला शेत नव्हते तो भट्टीवर होता. तेव्हा शकुन म्हातारी म्हणाली, "ज्याले दुसरं काईच येत नाई त्याले बसवा ना. सानूचा लमझना हाय. वाऱ्याले तं डुकरं खात नाईत!"

लोक पोट धरून हसले. सानूही हसला, पण तो लगेच कबूल झाला. जावई मचाणावर बसला म्हणजे लाल फडके आपल्याच घरात राहिले, हे त्याच्या मुकादमी डोक्यात ताबडतोब शिरले होते. गेंदालाल मात्र हसला नाही. तो उभा राहिला व त्याने सर्वांना हात जोडले. आपली निवड थट्टेने झाली हे त्या माणसाला आजतागायत समजलेले नाही.

काळे कापड कोणाच्याच घरी नव्हते. फुलवंतीपाशी एक काळे घोंगडे होते, माझ्या बहिणीने तिला लग्नात दिलेले. हिवाळा असूनही तिने ते काढून दिले.

"तू काय पांघरशीन?" मी विचारले.

"मामा, घोंगड्यानं उब येते, दम नाई येत," ती म्हणाली. "दम आला तं उबेचं पाहू."

आता गेंदालालच्या कारकिर्दीकडे वळतो. पहिल्याच बाजाराला त्याने परतवाड्याहून एक जुना खाकी कोट आणला. त्याला बटणे दोनच होती आणि तीही एकाच बाजूची नव्हती. सोबत एक शिट्टी आणली. कोट घालून, शिट्टी गळ्यात अडकवून तो मचाणावर चढला, आणि त्या दिवसापासून त्याचे लोंबणारे हातपाय ताठ झाले. रस्त्याने जाणाऱ्याला तो वरून विचारी, "कुठं चालला?" जाणारा म्हणे, "हागाले." तरीही हा मान हलवून परवानगी दिल्यासारखे करी. शकुनने त्याचे नाव हवालदार ठेवले. त्याला ते सन्मानाचे वाटले.

एका सकाळी मी शकुनच्या दारात बसलो होतो. हा शिट्टी फुंकीत आला.

"आजी, चूल विझव."

"काहून रे?"

"धूर होऊन राहिला. हवा खराब होते."

शकुनने हातातला डाव भट्टीच्या दिशेला केला. तिकडे धुराचा खांब उभा होता, सागाच्या बुंध्यासारखा. "अन् तो? तो काय अगरबत्तीचा हाय?"

गेंदालालने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. "तो परवानगीचा धूर हाय. तुहा बिनपरवानगीचा."

"असं का? मंग थांब, तुले परवानगी देते," असे म्हणून म्हातारीने खरकट्याचे पाणी त्याच्या कोटावर फेकले. तो कोट झटकीत दुसऱ्या घरी गेला आणि तिथल्या सुनेला दरडावून आला. ती नवी होती व भित्री होती. तिने चूल विझवली. तिच्या घरातील माणसे त्या दिवशी उपाशी भट्टीवर गेली.

असा हा राखणदार. बायकांनी अंगण झाडले, तर धूळ उडते म्हणून हा ओरडे. पोरांनी पाला पेटवून हात शेकले, तर हा पाल्यावर पाय देई. शेण थापणाऱ्या, भाकर भाजणाऱ्या, मोह उकळणाऱ्या प्रत्येक बाईच्या धुराचा त्याने बंदोबस्त केला. एक धूर तेवढा त्याला दिसत नसे, आणि तो दिसण्यासाठीच त्याला उंचावर बसवला होता.

न्यायाने सांगायचे तर आरंभी त्याने लाल फडके चढवले. एकदा नव्हे, चार-सहा वेळा चढवले. फडके वर गेले की भट्टीवरचे काम थांबे, रस्त्यातली भुकटी खाली बसे, आणि फुलवंती उंबऱ्यावरून उठून पाण्याला जाई. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु काम थांबले म्हणजे मजूर बसून राहत, आणि रामराव बसलेल्यांची रोजी कापी. मजूर सानूवर चिडत. सानू मचाणाखाली येऊन उभा राही.

"काय लटकवलं हे?"

"मामाजी, वारा इकडं आला."

"वारा येते अन् जाते. त्याले काय पोट हाय? आमाले हाय. काढ ते."

"पन सायब म्हने..."

"सायब तुले लमझना ठेवून राहिला का मी?"

गेंदालाल फडके उतरवी. पुढे पुढे सानूला खाली येऊन उभे राहण्याचेही कष्ट पडले नाहीत. त्याने भट्टीवरून नुसती मान वर केली, तरी फडके खाली येई. त्यानंतर तर ते चढेनासेच झाले. ते बांबूच्या बुडाशी गुंडाळून ठेवलेले असे व त्यावर डोके टेकून राखणदार दुपारची झोप घेई.

फुलवंती त्याला घरी विचारी, "आज वारा कुठला होता?"

"आज? आज वरून गेला."

"वरून गेला तं माह्या छातीत कोन येऊन बसला?"

तो कोट खुंटीला अडकवी आणि मटामटा जेवी. खाण्यात मात्र त्याने कधी कसूर केली नाही.

तरी आम्हाला एक आशा होती. फडके खोटे बोलत होते, पण घोंगडे बोलायचे राहिले होते. महिन्याभरात ते राखेसारखे झाले. बोट ओढले तर रेघ उमटे. ढान्यातील माणसे जाता-येता त्याच्याकडे पाहत व म्हणत, साहेब आले की पाहतील. फुलवंतीही रोज एकदा मचाणापाशी जाऊन ते पाहून येई. हात लावीत नसे.

साहेब येणार तो दिवस कळवण्यात आला. मी त्या सुमारास घरच्यांसह तेल्हाऱ्याकडे कापूस वेचणीला गेलो होतो, कारण आमच्या डोंगराच्या शेतीवर वर्ष निघत नाही. म्हणून पुढील प्रसंग फुलवंतीने व शकुनने सांगितला तसा लिहितो. दोघींच्या सांगण्यात फरक नाही, शिव्यांचा सोडून.

आदल्या दिवशी सानू जावयाला म्हणाला, "उद्या सायब यीन. पाहुणा मानूस हाय. बसाले ते घोंगडं धुऊन ठेव."

येथे आमच्या रिवाजाचा खुलासा केला पाहिजे. पाहुण्याला आम्ही कधी मळक्या घोंगड्यावर बसवत नाही. घरात एकच घोंगडे असले तर तेच धुऊन, वाळवून त्याच्याखाली घालतो. मळके घातले तर त्या घराला वर्षानुवर्षे नावे ठेवतात. पाहुणा एकदा बसला, की त्याच्या खालच्या बसकणीविषयी कोणी बरेवाईट बोलत नाही. हा रिवाज सानूलाही ठाऊक, गेंदालाललाही ठाऊक. सानूला तो कोठे वापरायचा हेही ठाऊक होते.

गेंदालालने घोंगडे उचलले आणि तो नाल्यावर गेला. रिठे कुटून फेस केला. फुलवंतीला कळले तेव्हा ती धापा टाकीत नाल्यापर्यंत चालत गेली.

"धुऊ नका," ती म्हणाली. "ते त्याइले दाखवाचं हाय."

"सायबासारखा मानूस यीन, अन् त्याले असं भुरकट घोंगडं टाकू? लोक काय म्हनतीन? सानूच्या घरी शेंबडा लमझना हाय म्हनतीन."

"सायब बसाले नाई येऊन राहिले. पाहाले येऊन राहिले."

"बसल्याबिगर पाहीन कसा?"

"त्याइनंच सांगतलं होतं ना, हात लावाचा नाई? तीन डाव सांगतलं."

"तवा ते सरकारी मानूस होते. उद्या आपले पाहुने हाय."

मग तो घोंगडे दगडावर आपटू लागला. पाणी दुधासारखे वाहत गेले, असे फुलवंती सांगते. ती काठावर बसून राहिली, कारण परत चालण्याइतका श्वास तिच्यात उरला नव्हता. काम झाल्यावर नवऱ्याने घोंगडे नीट पिळले, झाडावर पसरले, आणि मागे उभा राहून ते कौतुकाने पाहिले. जन्मात त्याने एक काम मनापासून केले आणि ते हे.

दुसऱ्या दिवशी साहेब छत्रीसह आले. मचाणासमोर बाज टाकली होती, तिच्यावर काळेभोर घोंगडे. साहेब बसले. गूळ घातलेला चहा प्याले. आणि मग म्हणाले, "ते कापड कुठे आहे?"

गेंदालालने अभिमानाने बोट दाखवले. "सायेब, तुमी त्याच्यावरच बसले हा."

साहेब किंचित उठले, त्यांनी बोट ओढून पाहिले व पुन्हा बसले. "चुना तर दिसत नाही."

सगळा ढाना भोवती उभा होता. पाहुण्याच्या बसकणीविषयी बोलायचे कसे, म्हणून एकानेही तोंड उघडले नाही. जंगलात अस्वलासमोर उभी राहणारी ही माणसे रिवाजासमोर मेंढरे झाली. शकुन तेवढी पुढे झाली व म्हणाली, "सायब, ते धुतलेलं हाय. काल धुतलं."

साहेबांनी तिच्याकडे प्रसन्न चेहऱ्याने पाहिले. "छान! स्वच्छता पाळता तुम्ही लोक. आम्ही उगीच काहीतरी ऐकत असतो." मग ते गेंदालालकडे वळले. "राखणदार तू ना? काम चांगले आहे तुझे. फडके किती वेळा चढवावे लागले?"

गेंदालालने भट्टीकडे पाहिले. सानू तेथे उभा होता. "चढवा लागलंच नाई, सायेब."

साहेबांनी त्याच्या खाकी खांद्यावर थाप मारली. ती थाप त्याने पुढे कित्येक दिवस बाजारात, लग्नात, मयतीत सांगितली. टेंभुरढान्याची हवा चांगली असल्याचे साहेबांनी वर कळवले. होळीच्या आत रामरावने पहिल्या भट्टीच्या शेजारी दुसरी भट्टी पेटवली.

मी परत आलो तेव्हा धुराचे दोन खांब दुरूनच दिसले. घरी पोचताच शकुनने सर्व सांगितले. मी मचाणाकडे गेलो. राखणदार वर बसला होता.

"गेंदालाल, कसा हाय वारा?"

"बरा हाय, मोठे मामाजी. सायबानं हवा पास केली."

मी थुंकलो आणि निघून आलो. त्याच्याशी बोलण्यात श्वास घालवावा एवढा श्वास आमच्या गावात कोणापाशी शिल्लक नव्हता.

दुसरी भट्टी पेटल्यावर फुलवंतीला पाण्याला जाणे सुटले, मग चूल सुटली. मी तिला गाडीत घालून परतवाड्याच्या डॉक्टरकडे नेले. त्यांनी नळी लावली, डोळे पाहिले, आणि म्हणाले, "मी औषध देतो, पण या धुरात ठेवाल तर औषध फुकट आहे. हिला तिथून हलवा." साधे बोलणे होते. ते मी परत येऊन पंचांपुढे मांडले.

मुठव्यापाशी पुन्हा बैठक बसली. फुलवंती स्वतः आली. वाटेत ती दोनदा थांबली. तिने एवढेच सांगितले, "मले इथून हलवा. मी इथं जगत नाई."

सानू म्हणाला, "माही पोरगी हाय, माह्या घरी राहीन. लमझन्याची दोन वर्सं बाकी हायेत. मुदत भरल्याबिगर वेगळी चूल मांडता येत नाई. त्याले जाचं असन तं एकट्यानं जावं."

"पोरगी मेल्यावर मुदत कोनासाठी भरून घेशीन?" मी म्हटले.

"तुमी बसले होते ना ठरावाले? मंग? रिवाज रिवाज हाय."

पंचांनी त्याला बराच वेळ समजावले. तो मुकादमासारखा उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. शेवटी जुन्या पंचाने गेंदालालला विचारले. रिवाजाला एक वाट होती. लमझन्याने पंचांसमोर सासऱ्याकडे तोंड करून सांगावे, की मी मुदत मोडतो, माझी बायको माझ्यासोबत येते की नाही ते तिला विचारा. तिने होय म्हटले, तर पंच तोड काढू शकतात. असे आमच्याकडे पूर्वी झालेले आहे. परंतु बोलायला त्याचेच तोंड लागते, दुसऱ्याचे चालत नाही.

"गेंदालाल, तू काय म्हनतो?"

सगळे त्याच्याकडे पाहत होते. फुलवंतीही पाहत होती. तिचा श्वास बैठकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होता. तो कोटाच्या दोन बटणांशी चाळा करीत बसला होता. त्याने सासऱ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे.

"मामाजी म्हनतीन तसं," तो म्हणाला.

शकुन उठली आणि त्याच्या पुढ्यात थुंकून चालती झाली. बैठक मोडली. फुलवंती घराकडे गेली, भिंतीला धरून. हा तिच्या मागे काही अंतर ठेवून चालत होता, ओळख नसल्यासारखा.

आज ढान्यातील तरुण पोरे गेंदालालविषयी वेगळे बोलतात. भट्ट्या बंद पडून चार वर्षे झाली. हवेसाठी त्या बंद पडल्या नाहीत. नाल्यातले खडे संपले, म्हणून रामराव सामान उचलून दुसऱ्या नाल्याकडे गेला. सानूची मुकादमी गेली. आणि गेंदालाल टेकडीच्या पलीकडे स्वतःच्या खोपीत राहतो, चार शेळ्या बाळगतो, आणि फुलवंती तिथे स्वतःच्या पायांनी पाणी आणते. पोरे म्हणतात, बायकोसाठी त्याने मुदत मोडली, सासऱ्यापुढे उभा राहिला, मर्दाचे काम केले. तोही ऐकून घेतो आणि मान हलवतो, पूर्वी मचाणावरून हलवीत असे तशीच.

हे असत्य आहे, आणि असत्य अक्षरांत राहू नये म्हणून मी लिहीत आहे. तो सासऱ्यापुढे कधीही उभा राहिला नाही. लाल फडके त्याने पुन्हा कधी चढवले नाही. खोपी घातल्यावरसुद्धा रोजीसाठी तो त्याच मचाणावर जाऊन बसत होता, धुराकडे पाठ करून. सानूशी जे बोलायचे ते मी बोललो, आणि त्यावरून माझ्या बहिणीच्या घरचे पाणी मला दोन वर्षे बंद झाले. पंचांच्या तोंडाला मी कोंबडा व मोहाची दारू लावली, तेव्हा कुठे त्यांनी त्याच्या तोंडच्या शब्दांवाचून तोड काढली. गेंदालालने या सर्वात काय केले? त्याने मागितले. एवढेच केले.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या वावरात बांधाचे दगड रचीत होतो. वावर टेकडीच्या पाठीशी आहे. भट्टीचा धूर तिथे पोचत नसे. गेंदालाल चढण चढून आला. तो बांधावर उभा राहिला. मी त्याला बस म्हटले नाही.

"इथं वारा चांगला हाय," तो म्हणाला.

"तू हवेचा मानूस. तुले ठाऊक," मी म्हटले आणि दगड उचलला.

त्याने दगडाचे दुसरे टोक धरले. मी सोडायला सांगितले नाही म्हणून धरून राहिला. आम्ही तो बांधावर ठेवला. मग तो माझ्याकडे न पाहता, खाली ढान्याच्या धुराकडे पाहत बोलला. त्या माणसाला मी इतकी वर्षे ओळखतो, पण धुराकडे सरळ पाहताना मी त्याला तेवढ्याच वेळी पाहिले.

"मोठे मामाजी, तुमच्या वावराच्या कोपऱ्यात मले एक खोपी घालू द्या. फुलवंतीले इथं ठेवतो. अन् मामाजीले तुमी सांगा. माह्यानं नाई सांगनं होत."